रशियन क्रांतीवरच्या मालिकांमधली शस्त्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन क्रांतीवरच्या ऐतिहासिक मालिका आता आपल्याकडेही सबटायटल्स लावून आवडीने बघितल्या जातात. त्या बघणारे मित्रमैत्रिणी पात्रांइतकेच त्यांच्या हातातल्या बंदुकांबद्दल विचारतात, आणि मला ते योग्य वाटतं. १९१७ ची गोष्ट मोठ्या प्रमाणात बंदुका एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची गोष्ट आहे. कोणाकडे कुठलं शस्त्र आहे हे नीट बघितलं, तर संवाद न ऐकताही अर्धं कथानक कळतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सगळ्यांच्या खांद्यावर एकच लांबलचक रायफल दिसते. ती कोणती?

ती मोसिन-नागांत, १८९१ साली रशियन लष्कराने स्वीकारलेली. कॅप्टन सर्गेई मोसिन यांची रचना आणि बेल्जियमच्या नागांत यांच्या रचनेतले काही भाग यांतून ती तयार झाली. रशियन माणूस मात्र तिला ‘त्र्योखलिनेयका’ म्हणतो, म्हणजे ‘तीन रेषांची’. जुन्या रशियन मापात एक ‘रेषा’ म्हणजे इंचाचा दहावा भाग, २.५४ मिलिमीटर. तीन रेषांचे ७.६२ मिलिमीटर होतात, आणि हाच तिच्या नळीचा व्यास. मालिकेतला एखादा शिपाई ‘माझी त्र्योखलिनेयका कुठे आहे?’ असं म्हणाला आणि सबटायटलमध्ये नुसतं ‘बंदूक’ आलं, तर त्या शब्दातली सगळी जवळीक हरवते.

पायदळाची मूळ रायफल सुमारे १३० सेंटीमीटर लांब आणि चार किलोंहून थोडी जड. आत पाच काडतुसं. ती एकेक करून किंवा पाच काडतुसांच्या पट्टीने वरून दाबून भरायची. प्रत्येक बारानंतर बोल्ट (काडतूस आत ढकलणारा लोखंडी दांडा) हाताने उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. कडाक्याच्या थंडीत जाड हातमोजे घालून हे करणं सोपं नव्हतं. चांगला नट बोल्ट ओढताना थोडा झगडतो. ते बघून त्याला कोणीतरी नीट शिकवलं आहे हे कळतं.

संगीन कायम लावलेलीच का असते? म्यान कुठे आहे?

म्यान नव्हतंच. रशियन पायदळाची संगीन चार धारांची, लांब खिळ्यासारखी, आणि शिपायाने ती सतत रायफलीवर लावून ठेवावी असाच नियम होता. रायफलीचा नेमही संगीन लावलेली धरूनच जुळवलेला असे. संगीन काढली की गोळी थोडी बाजूला जाते. संगिनीसह रायफल सुमारे १७३ सेंटीमीटर होते, म्हणजे ती धरणाऱ्या बहुतेक शिपायांपेक्षा उंच. पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) गर्दीच्या जुन्या फोटोंत डोक्यांच्या वर काटेरी कुंपणासारखी टोकं दिसतात, ती हीच.

याला एक अपवाद आहे. कॉसॅक घोडेस्वारांसाठी केलेल्या रायफलीला संगीन नसे आणि तिचा नेमही त्याशिवायच जुळवलेला असे. त्यामुळे कॉसॅकच्या पाठीवर संगीन लावलेली रायफल दिसली तर ती बहुधा वेशभूषेच्या पेटाऱ्यातून मिळेल ती उचललेली.

१९१७ च्या दृश्यात चुकीच्या काळातली मोसिन कशी ओळखायची?

ही चूक सर्वांत जास्त होते, आणि तिचं कारण समजण्यासारखं आहे. आज शूटिंगसाठी सहज मिळणाऱ्या बहुतेक मोसिन १९३० नंतरच्या सुधारित नमुन्याच्या असतात, कारण दुसऱ्या महायुद्धात त्या लाखोंनी बनल्या. नळीच्या टोकाकडे बघा. क्रांतीच्या काळातल्या रायफलीवर नेम धरायची माशी उघडी, साधी उभी असते. १९३० च्या नमुन्यात तिच्याभोवती गोल कडं आलं. लांबीही कमी झाली, सुमारे १२३ सेंटीमीटर. शिवाय जुन्या रायफलीवर अंतराच्या खुणा ‘अर्शिन’ या रशियन मापात असत. एक अर्शिन म्हणजे साधारण ७१ सेंटीमीटर. नव्या नमुन्यात त्या मीटरमध्ये आल्या. अर्थात खुणा वाचता येण्याइतका कॅमेरा जवळ क्वचितच जातो.

याहून मोठी चूक म्हणजे बाजूला घडी होणारी संगीन असलेली आखूड कार्बाइन. ती १९४४ ची. लेनिन जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या हातात ती असेल तर माफ करता येईल, पण पुढे उभ्या असलेल्या रेड गार्डच्या, म्हणजे क्रांतीच्या बाजूच्या सशस्त्र कामगाराच्या, हातात ती बघितली की मला तो भाग पुढे बघवत नाही.

मग सगळ्यांच्या हातात मोसिनच दाखवणं बरोबर आहे का?

अर्धवट बरोबर. पहिल्या महायुद्धात रशियाकडे रायफलींचा भयंकर तुटवडा होता. १९१५ मध्ये काही तुकड्या पुरेशा बंदुकांशिवाय आघाडीवर गेल्या. पुढचा शिपाई पडला की मागच्याने त्याची रायफल उचलायची, ही तेव्हाची खरी अवस्था. सरकारने जगभरातून मिळेल ते विकत घेतलं. जपानकडून लाखो आरिसाका रायफली आल्या, त्याही १९०४-०५ च्या युद्धात ज्यांच्याशी लढले त्यांच्याकडून. अमेरिकेतून जवळपास ३ लाख विंचेस्टर आल्या. त्यांच्या चापाखालची खटक्याची कडी खाली-वर केली की नवं काडतूस चढायचं. काउबॉयच्या चित्रपटात दिसते तशीच ही रचना, पण त्यात रशियन काडतूस बसेल अशी करून घेतलेली. रशियन खंदकातला शिपाई ही कडी खाली-वर करताना दिसला की लोकांना ती चूक वाटते. ती चूक नाही.

मागच्या तुकड्यांना आणि पहारेकऱ्यांना जुनाट बर्दान रायफली मिळाल्या. त्या १८७० च्या नमुन्याच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या, मोठ्या गोळीच्या. त्यामुळे कारखान्याच्या फाटकावरचा म्हातारा पहारेकरी बर्दान घेऊन उभा असेल, तर त्या कला-दिग्दर्शकाला मनापासून दाद द्यावी.

मोसिनही सगळ्या रशियातल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस या कारखान्यांना लाखो मोसिन बनवायचं काम दिलं होतं. क्रांतीनंतर त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेतच पडून राहिल्या. १९१८ मध्ये उत्तर रशियातल्या अर्खांगेल्स्कला बोल्शेविकांविरुद्ध (लेनिनच्या पक्षाविरुद्ध) उतरवलेल्या अमेरिकन ३३९व्या पायदळ रेजिमेंटच्या हातात ह्याच मोसिन दिल्या गेल्या. मिशिगनची पोरं रशियन बर्फात, अमेरिकेत बनलेल्या रशियन रायफलींनी रशियनांशी लढत होती. एवढं विलक्षण दृश्य कुठल्याही लेखकाला कल्पनेतून सुचलं नसतं.

फेब्रुवारी क्रांतीत सामान्य लोकांच्या हातात बंदुका आल्या कुठून?

मला वाटतं, कुठल्याही मालिकेने सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीला द्यायला हवा, आणि बहुतेक मालिका ती दोन मिनिटांत उरकतात.

पेट्रोग्राडमध्ये पाव मिळेना म्हणून सुरू झालेला मोर्चा सुरुवातीला जवळपास निःशस्त्र होता. रायफली होत्या सैनिकांकडे, आणि हे सैनिक म्हणजे नुकतेच भरती झालेले, बराकींत कोंबलेले शेतकरी. २६ फेब्रुवारीला (जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे) झ्नामेन्स्काया चौकात वोलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीने जमावावर गोळ्या झाडल्या. कित्येक लोक मेले. त्या रात्री बराकीत परतलेले हेच सैनिक झोपू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सार्जंट तिमोफेई किर्पिच्निकॉव्ह आणि त्याच्या सोबत्यांनी आदेश मानायला नकार दिला. त्यांचा कॅप्टन लाश्केविच बराकीच्या अंगणातून निघून जात असताना गोळी लागून पडला. मग ही तुकडी रायफलींसकट रस्त्यावर आली आणि शेजारच्या बराकींतल्या रेजिमेंट्सना बाहेर काढत गेली. शस्त्रागारं फुटली, हजारो रायफली आणि रिव्हॉल्व्हर गर्दीत वाटली गेली. शाळकरी पोरांच्या हातात अधिकाऱ्यांच्या तलवारी दिसू लागल्या.

त्यानंतर आला पेट्रोग्राड सोव्हिएतचा, म्हणजे कामगार आणि सैनिकांच्या प्रतिनिधींच्या परिषदेचा, ‘आदेश क्रमांक १’, तारीख १ मार्च, म्हणजे आपल्या दिनदर्शिकेने १४ मार्च १९१७. त्यात म्हटलं होतं की रायफली, मशीनगन, चिलखती गाड्या, सगळी शस्त्रं सैनिकांच्या समित्यांच्या ताब्यात राहतील आणि अधिकाऱ्यांनी मागितली तरी त्यांना द्यायची नाहीत. झारची सत्ता प्रत्यक्षात कुठे संपली असं कोणी विचारलं, तर मी या वाक्याकडे बोट दाखवीन. ज्या मालिकेत अधिकारी शस्त्रकोठाराची किल्ली मागतो आणि साधा शिपाई शांतपणे ‘समितीला विचारा’ म्हणतो, त्या मालिकेला १९१७ कळलं आहे.

रेड गार्ड कामगारांकडे एवढ्या नव्या रायफली कशा?

ऑगस्ट १९१७ मध्ये जनरल कॉर्निलॉव्हचं सैन्य सत्ता हाती घ्यायला पेट्रोग्राडकडे निघालं, तेव्हा झारनंतर आलेल्या केरेन्स्कीच्या घाबरलेल्या हंगामी सरकारने कामगारांच्या हाती शस्त्रं जाऊ दिली. कॉर्निलॉव्हचा प्रयत्न फसला, शस्त्रं मात्र परत आली नाहीत. पुढे ऑक्टोबरमध्ये पेट्रोग्राडजवळच्या सेस्त्रोरेत्स्कच्या सरकारी बंदूक कारखान्याला ५ हजार रायफली द्यायचा आदेश सोव्हिएतच्या नावाने गेला. त्यावर सही केली सोव्हिएतचा अध्यक्ष ट्रॉट्स्कीने, आणि कारखान्याने रायफली दिल्या. सरकारी कारखाना सरकारला न विचारता माल देतो, म्हणजे ते सरकार तोवर संपलेलंच असतं.

ते छोटं रिव्हॉल्व्हर प्रत्येक अधिकाऱ्याच्या कमरेला असतं, ते कोणतं?

नागांत, १८९५ चा नमुना. सुरुवातीला बेल्जियमच्या लिएजमध्ये बनलं, पुढे रशियाच्या तूला शहरात. सात गोळ्या. त्याची खासियत अशी की घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा खटका) मागे ओढला की गोळ्यांचं चक्र फिरतं आणि थोडं पुढेही सरकतं. काडतुसाचं तोंड नळीत शिरतं आणि चक्र व नळी यांमधली फट बंद होते. बाकीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये या फटीतून वायू बाहेर निसटतो, यात नाही. त्यासाठी काडतूसही वेगळं बनवलं होतं. त्याची गोळी कवचात पूर्ण आत बुडालेली असते आणि बाहेरून बघितलं तर काडतूस रिकामं वाटतं. हातातल्या गोळ्या जवळून दाखवल्या आणि त्यांची टोकं बाहेर दिसली, तर त्या नागांतच्या नाहीत.

झारच्या सैन्यात याचे दोन प्रकार होते. अधिकाऱ्यांच्या नागांतमध्ये नुसता चाप ओढला तरी बार व्हायचा. साध्या शिपायाला मिळणाऱ्या नागांतमध्ये दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागायचा. शिपाई काडतुसं उधळतील अशी वरच्यांना भीती. माणसावर किती भरवसा आहे हे लोखंडात घडवून ठेवलं होतं. हा फरक पडद्यावर दाखवणारी मालिका मला अजून भेटायची आहे.

भरायला मात्र नागांत फार सावकाश. बाजूच्या छोट्या झाकणातून एकेक रिकामं कवच दांडीने ढकलून काढायचं आणि एकेक नवं घालायचं. मारामारीच्या मधोमध नायक दोन सेकंदांत ते भरतो, तेव्हा तो भाग संकलकाच्या टेबलावरच घडलेला असतो.

चामड्याचा कोट आणि लाकडी पेटीतलं मोठं पिस्तूल, हे खरं की नुसती फॅशन?

दोन्ही. ते पिस्तूल जर्मनीच्या ओबर्नडॉर्फचं माउझर सी-९६, म्हणजे १८९६ चं. चापाच्या पुढे चौकोनी पेटी, त्यात दहा काडतुसं, वरून पट्टीने भरायची. मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल. लाकडी म्यानाचाच दस्ता होतो. मुठीमागे ते अडकवलं की खांद्याला लावून नेम धरता येतो. मागच्या नेमपट्टीवर १००० मीटरपर्यंतच्या खुणा असत, पण त्यांचं खरं काम गिऱ्हाइकाला भुरळ पाडणं हेच होतं.

झारच्या काळात अधिकारी असली पिस्तुलं स्वतःच्या पैशाने घेत. क्रांतीनंतर ती कमिसार (बोल्शेविकांचे राजकीय अधिकारी), चेकाचे (बोल्शेविकांच्या गुप्त पोलिसांचे) लोक आणि खलाशी यांच्या हातात गेली. चामड्याचे कोट होते मोटारचालक आणि वैमानिक यांच्या गणवेशातले, तेही गोदामांतून असेच बाहेर आले. म्हणजे ज्या पोशाखाला आपण क्रांतिकारकाचा गणवेश समजतो, तो जुन्या सैन्याच्या कोठारातून आलेला आहे. मायकोव्हस्कीने १९१८ च्या एका कवितेत माउझरलाच ‘कॉम्रेड’ म्हणून बोलायचा हक्क दिला, तिथून तर त्याची प्रतिमा पक्कीच झाली.

मालिकांत मात्र प्रत्येक चेकिस्टाकडे माउझर दाखवतात, ते अति होतं. बहुतेकांकडे साधं नागांतच होतं. तेच मुबलक होतं आणि त्याचीच काडतुसं मिळत.

मॅक्सिम मशीनगन घोडागाडीवर ठेवून उलट्या दिशेने का मारतात?

त्या गाडीला ‘ताचान्का’ म्हणतात. मॅक्सिम १९१० हे रशियाचं मुख्य मशीनगन. त्याला सोकोलॉव्ह यांनी तयार केलेला चाकांचा गाडा आणि समोर पोलादी ढाल. गाडा आणि ढालीसकट वजन ६० किलोंहून जास्त. नळीभोवती पाण्याची टाकी, चारेक लिटरची. पाणी नसेल तर नळी तापून निकामी होते. काडतुसं २५० च्या कापडी पट्ट्यात.

एवढं वजन युक्रेनच्या सपाट गवताळ प्रदेशात वेगाने नेणार कसं? म्हणून स्प्रिंग असलेल्या हलक्या घोडागाडीत ते मागच्या बाजूला तोंड करून बसवत. घोडे पुढे, नळी मागे. शत्रूसमोर जाऊन गाडी गर्रकन वळवायची, बार करायचा आणि त्याच दिशेने पळून जायचं. घोड्यांच्या डोक्यांवरून मारायचा प्रश्नच येत नाही. नेस्तोर माख्नोच्या युक्रेनी बंडखोरांनी ताचान्काच्या झुंडी वापरून मोठ्या सैन्यांना जेरीला आणलं, आणि बोल्शेविकांच्या लाल सेनेनेही पुढे तेच केलं.

मॅक्सिममधली काळाची चूक ओळखायला सोपी आहे. पाण्याच्या टाकीवर मोठं रुंद झाकण दिसलं, तर ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचं. त्यातून बर्फ थेट आत कोंबता यायचा. १९१७ च्या मॅक्सिमला पाणी ओतायचं छोटंसं भोकच होतं.

खलाशी छातीवर काडतुसांचे पट्टे गुंडाळतात, हे खरंच होतं का?

होतं. तेव्हाच्या फोटोंत ते स्पष्ट दिसतं. पण पट्टा छातीवर बांधल्याने ओला होतो, मळतो, काडतुसं सरकतात, आणि असा पट्टा मशीनगनमध्ये अडकून बसतो. अनुभवी मशीनगनवाला पट्टे पेटीतच ठेवायचा. म्हणून फोटो काढताना खलाशाने पट्टे गुंडाळलेले दाखवणं बरोबर, पण लढाईच्या दृश्यात तोच पट्टा काढून मशीनगनमध्ये घालणं मला पटत नाही.

हिवाळी राजवाड्यावरचा हल्ला इतका भव्य होता का?

नव्हता. बोल्शेविकांनी सत्ता घेतली त्या २५ ऑक्टोबरच्या (आपल्या ७ नोव्हेंबरच्या) रात्री हंगामी सरकार बसलेल्या राजवाड्यात थोडे लष्करी विद्यार्थी, महिला बटालियनची एक तुकडी आणि काही कॉसॅक होते. त्यांतलेही बरेच हळूहळू निघून गेले. केरेन्स्की सकाळीच मोटारने शहराबाहेर पडला होता. अधूनमधून गोळीबार, दारातून आणि खिडक्यांतून शिरणारे गट, अंधाऱ्या दालनांत चुकलेले लोक, असं ते सगळं चाललं. पहाटे दोनच्या सुमारास मंत्र्यांना अटक झाली. मृतांची संख्या फारच कमी.

मग तो प्रचंड लोंढा आणि फाटकावर चढणारे सैनिक कुठून आले? १९२० मध्ये निकोलाई येव्रेइनॉव्ह यांनी त्याच चौकात हजारो लोकांना घेऊन या घटनेचा भव्य प्रयोग केला. १९२७ मध्ये, क्रांतीच्या दहाव्या वर्षानिमित्त, आयझेन्स्टाइनने चित्रपट काढला. त्यातली दृश्यं इतकी जोरदार होती की पुढे पुस्तकांत ती खऱ्या फोटोंसारखी छापली गेली. आजच्या मालिकाही त्या चित्रपटाचीच नक्कल करतात. मला खरी रात्र जास्त नाट्यमय वाटते. रिकामे जिने, कुठे जायचं हे माहीत नसलेले सशस्त्र कामगार, आणि एका खोलीत टेबलाभोवती बसून वाट बघणारे मंत्री.

आणि ऑरोराची तोफ?

रात्री पावणेदहाच्या सुमारास ऑरोरा युद्धनौकेने बार केला, तो बिनगोळ्याचा. राजवाड्यावर खरे गोळे पडले ते पीटर-पॉल किल्ल्यावरून, आणि तेही मोजकेच. ऑरोराच्या बारानंतर राजवाड्याची भिंत फुटताना दाखवली तर ती कल्पना.

रास्पुतिनला नक्की कुठल्या बंदुकीने मारलं?

रास्पुतिन म्हणजे झारच्या कुटुंबावर प्रभाव असलेला साधू. डिसेंबर १९१६, मोइका नदीकाठचा युसुपॉव्ह वाडा. प्रिन्स फेलिक्स युसुपॉव्हने त्याच्यावर पिस्तूल झाडलं. मग अंगणात पळणाऱ्या रास्पुतिनवर खासदार पुरिश्केविचने आपल्या सॅव्हेज पिस्तुलाने गोळ्या झाडल्याचं स्वतःच लिहून ठेवलं. प्रेताच्या फोटोत कपाळावरची गोळीची जखम दिसते. ती ब्रिटिश हेराच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची, असा तर्क काही मालिका ठासून मांडतात. तो तर्कच आहे, सिद्ध झालेला नाही.

झारच्या कुटुंबाच्या हत्येचं दृश्य मालिकांत एका झटक्यात संपतं. तसंच झालं होतं का?

नाही, आणि याबाबत मालिकांनी प्रामाणिक राहावं असं मला कळकळीने वाटतं. येकातेरिनबर्ग, झारच्या कुटुंबाला कैदेत ठेवलेलं इपातियेव्हचं घर, १७ जुलै १९१८ ची पहाट. तळघरातल्या छोट्या खोलीत ११ माणसं होती. झार, त्याची पत्नी, चार मुली, आजारी मुलगा, डॉक्टर आणि तीन नोकर. बाहेर आवाज दाबायला ट्रकचं इंजिन चालू. मारणाऱ्या तुकडीचा प्रमुख युरोव्स्कीच्या हातात कोल्ट आणि माउझर, बाकीच्यांकडे नागांत आणि ब्राउनिंगसारखी वेगवेगळी शस्त्रं.

ही शिस्तीत झाडलेली फैर नव्हती. एवढ्याशा खोलीत धूर आणि भिंतींचा चुना भरला, गोळ्या भिंतींवर आपटून उलट फिरल्या, आणि मुली मरेनात. त्यांच्या चोळ्यांत हिरे शिवलेले होते. गोळ्या त्यांवर अडल्या, संगिनीही आत जाईनात. हे युरोव्स्कीने स्वतःच्या टिपणात लिहिलं आहे. ज्या दृश्यात हे सगळं एका स्वच्छ, संथ, संगीत लावलेल्या फैरीत उरकलं जातं, ते मारणाऱ्यांशी प्रामाणिक नाही आणि मेलेल्यांशीही नाही.

लेनिनवर गोळ्या झाडल्या ते पिस्तूल कोणतं?

३० ऑगस्ट १९१८, मॉस्कोचा मिखेल्सन कारखाना. सभा संपवून लेनिन मोटारीकडे येत असताना दोन गोळ्या लागल्या, एक खांद्याला, एक मानेपाशी. मानेची गोळी १९२२ मध्ये शस्त्रक्रिया करून काढली. फॅनी कॅप्लानला यासाठी गोळी घालण्यात आली. तिची दृष्टी फार अधू होती, म्हणून नेम तिचाच होता का, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पुरावा म्हणून ठेवलेलं पिस्तूल बेल्जियन बनावटीचं ब्राउनिंग. चपटं, खिशात मावणारं, घाईत बाहेर काढता येणारं.

ब्राउनिंग हे नाव मराठी वाचकाला नवीन नाही. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात धाडली होती. त्यांतल्याच एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या काळात युरोपभर गुप्तपणे काम करणाऱ्यांचं हे आवडतं पिस्तूल होतं, कारण ते कोटाच्या खिशात ठेवलं तरी उठून दिसत नसे.

मालिकेतले क्रांतिकारक घरच्या घरी बॉम्ब बनवतात. त्याचा आपल्याकडच्या क्रांतिकारकांशी काही संबंध?

थेट संबंध. रशियन क्रांतिकारकांची बॉम्बची परंपरा जुनी. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बनेच मारला गेला. १९०५ नंतर पळून गेलेले अनेक रशियन पॅरिसमध्ये राहत. तिथेच सेनापती बापट आणि बंगालचे हेमचंद्र कानूनगो यांनी रशियनांकडून हे तंत्र शिकून घेतलं आणि बॉम्बची रशियन पुस्तिका मिळवून भारतात आणली. पॅरिसच्या त्या खोलीतला प्रसंग कुठल्या रशियन मालिकेत येत नाही, आणि मराठीतही त्यावर नीट मालिका झालेली नाही, याची खंत वाटते.

१९१७ मध्ये सलग गोळ्या झाडणारी हातातली बंदूक दाखवणं चूक आहे ना?

बहुतेक वेळा चूक. वर थाळीसारखं गोल खोकं असलेली देग्त्यारेव्ह मशीनगन १९२० च्या दशकाच्या अखेरची. गोल डबा लावलेली पीपीएसएच बंदूक १९४१ ची. थाळी दिसली की लगेच चूक ठरवू नका, कारण ब्रिटिश लुईस मशीनगनलाही वर थाळी असते आणि ती त्या काळात रशियात होती. लुईसची नळी जाड नळकांड्यात असते, देग्त्यारेव्हची बारीक.

एक खरा अपवाद आहे, फ्योदोरॉव्हची स्वयंचलित रायफल. जपानी ६.५ मिलिमीटरचं काडतूस, २५ गोळ्यांचं मॅगझिन. १९१६ मध्ये ती एका छोट्या तुकडीला देऊन आघाडीवर पाठवलीही होती. पण १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळ्या मिळून सुमारे ३२०० च बनल्या. पेट्रोग्राडच्या रस्त्यावर ती दिसणं जवळपास अशक्य.

शूटिंगमध्ये खऱ्या बंदुका असतात का? नट दचकत कसे नाहीत?

बऱ्याचदा खऱ्या जुन्या बंदुका निकामी करून किंवा फक्त ब्लँक काडतुसं चालतील अशा बदलून वापरतात. ब्लँकमध्ये दारू असते, गोळी नसते. त्यामुळे खांद्याला धक्का बसत नाही, आणि तो धक्का नटाला अभिनयाने आणावा लागतो. मोसिनचा खरा धक्का जबरदस्त असतो. बार झाला आणि खांदा हललाच नाही, तर दृश्य लगेच पोकळ वाटतं. मॅक्सिमसारखं यंत्र धक्क्याच्याच जोरावर पुढचं काडतूस ओढतं, म्हणून ब्लँकवर चालवायला त्याच्या नळीत अडथळा बसवावा लागतो. ब्लँकही जवळून जीवघेणं ठरू शकतं, म्हणून नट नळी समोरच्याच्या थोडी बाजूला धरतात. नीट बघितलं तर ते कळतं. त्याला मी चूक मानत नाही. समोरच्याचा जीव पणाला लावून कुठलंही दृश्य खरं करू नये.

यादवी युद्धाच्या भागांत श्वेत सैन्याकडे इंग्रजी शस्त्रं आणि लाल सैन्याकडे रशियन, असं का दिसतं?

कारखाने कोणाच्या ताब्यात होते त्यावरून. (लाल म्हणजे बोल्शेविक, श्वेत म्हणजे त्यांचे विरोधक.) तूला शहर आणि तिथले काडतूस-बंदूक कारखाने अखेरपर्यंत बोल्शेविकांकडे राहिले. ऑक्टोबर १९१९ मध्ये श्वेत जनरल देनिकिनचं सैन्य ओर्योलपर्यंत पोचलं, तिथून तूला दोनशे किलोमीटरच्या आत. तूला पडलं असतं तर लाल सेना काडतुसांवाचून गेली असती. इझेव्स्कची कहाणी तर अंगावर काटा आणते. तिथल्या रायफल कारखान्याच्या कामगारांनी ऑगस्ट १९१८ मध्ये बोल्शेविकांविरुद्धच बंड केलं आणि स्वतः बनवलेल्या रायफली घेऊन नोव्हेंबरपर्यंत लढले. त्यांतले बरेच नंतर सायबेरियातल्या श्वेत सेनापती कोल्चाकच्या सैन्यात गेले. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्यांविरुद्ध कामगार उभे राहिले, हे मालिकांना अवघड जातं, म्हणून ते बहुधा वगळलं जातं.

श्वेत सैन्याकडे असे कारखाने नव्हते. त्यांचा माल आला ब्रिटनहून जहाजांनी. रायफली, लुईस आणि व्हिकर्स मशीनगन, रणगाडे, गणवेशसुद्धा. मार्च १९२० मध्ये देनिकिनचं सैन्य नोवोरोसिस्क बंदरातून पळालं, तेव्हा यातला बराच माल धक्क्यावरच राहिला. म्हणून शेवटच्या भागांत लाल सैनिकाच्या हातात ब्रिटिश बंदूक आणि अंगात ब्रिटिश कोट दिसला, तर वेशभूषाकार गोंधळला असं समजू नका. तो कोट नोवोरोसिस्कच्या धक्क्यावरून आलेला असू शकतो.